जुन्या गाडीचं इंजिन बांधताना पिस्टन किती कॉम्प्रेशनचे घ्यावेत?

पारनेरला झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वळणं आम्ही बरीचशी तशीच ठेवली आहेत. आकडे मात्र पुन्हा तपासून घेतले आहेत.

आपल्या तालुक्यात जुन्या गाड्या अजून आहेत. कुणाच्या वस्तीवर महिंद्राची जीप उभी असते, कुणी मुंबईच्या नोकरीतून निवृत्त होताना पद्मिनी गावी आणलेली असते. ती धूर काढायला लागली, ऑइल प्यायला लागली की इंजिन खोलावं लागतं. बोअर झिजलेला निघतो, म्हणजे रिबोअर आला आणि नवे पिस्टन आले. इथंच कुणीतरी सुचवतो, "नवे घालायचेच आहेत, तर हाय कॉम्प्रेशनचे घाला. पिकअप वाढेल, एव्हरेजही वाढेल."

सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा कळला नाही तर चाळीस-पन्नास वर्षं टिकलेला ब्लॉक एका उन्हाळ्यात निकामी होऊ शकतो, आणि हे ब्लॉक आता कुणी नव्याने ओतत नाही. म्हणून पिस्टनची ऑर्डर देण्याआधी काय मोजायचं आणि काय विचारायचं, एवढंच आज बघू.

हा आकडा म्हणजे काय

पिस्टन सगळ्यात खाली असताना त्याच्यावर जेवढी जागा असते, तिला पिस्टन सगळ्यात वर असतानाच्या जागेनं भागायचं. येणारा आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. पुस्तकात त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. ७ म्हणजे सात भांडी हवा-पेट्रोल एका भांड्यात दाबलं. हा मापाचा आकडा आहे. प्लगच्या भोकात गेज लावून आपण बघतो तो दाब वेगळा. रिंग झिजल्या, व्हॉल्व्ह गळायला लागले की गेजवरचा दाब पडतो, रेशो तोच राहतो. कितीतरी लोक पडलेला दाब बघून हाय कॉम्प्रेशनचे पिस्टन मागतात. त्यांना खरी गरज नीट बोअरची आणि नव्या रिंगांची असते.

या आकड्याचा इतिहास आपल्या जिल्ह्यातच बघायला मिळतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी आहे. सिल्व्हर घोस्टचं इंजिन सात लिटरहून मोठं, पण कॉम्प्रेशन रेशो साधारण ३.२. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा सुमारे ६.५. आपल्या प्रीमियर पद्मिनीचा ७.३. मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाचा ८.७, आणि त्यानंतरच्या के-टेन इंजिनाचा १० च्या घरात.

आधीचे इंजिनिअर अडाणी होते आणि नंतरचे हुशार झाले, असं यातून समजू नका. प्रत्येकानं आपल्या काळात पंपावर जे पेट्रोल मिळत होतं, त्याला झेपेल तेवढाच आकडा धरला. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. कॉम्प्रेशन हा एकट्या पिस्टनचा गुण नाही. पिस्टन, हेड, गॅस्केट, पेट्रोल, इग्निशनचा टायमिंग आणि गाडी चालते ती उंची, या सगळ्यांचा मिळून तो हिशोब असतो.

फायदा किती, तोही मोजून

मिश्रण जास्त दाबून पेटवलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं, कारण पेटलेल्या वायूला प्रसरण पावायला जास्त पल्ला मिळतो. पुस्तकातलं आदर्श सूत्र लावलं तर ७.३ ला कार्यक्षमता साधारण ५५ टक्के येते आणि ८.५ ला साडेसत्तावन्न. खऱ्या इंजिनात यातली जवळजवळ निम्मी उष्णता वाटेतच जाते. तरी दोन्हींमधलं प्रमाण बरंचसं टिकतं. म्हणजे ७.३ वरून ८.५ वर गेलं तर फार तर पाच टक्क्यांच्या आसपास वाढ.

पाच टक्के म्हणजे हातात काय येतं? पद्मिनीची ताकद चाळीस हॉर्सपॉवर धरली तर दोन हॉर्सपॉवर. लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी साडेबाराच्या थोडी पुढं जाईल. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे बारा लिटर वाचतील. वेगळे पिस्टन बनवून घ्यायचा जास्तीचा खर्च एवढ्यातून लवकर भरून येत नाही. म्हणून चांगलं चालणारं इंजिन फक्त कॉम्प्रेशनसाठी खोलू नका. इंजिन कसंही खोलायचंच असेल, पिस्टन घ्यायचेच असतील, तेव्हाच हा प्रश्न विचारात घ्यावा.

आणखी एक. सुरुवातीच्या पायऱ्यांचा फायदा मोठा, पुढच्यांचा लहान. ६.५ वरून ७.५ ला गेलं तर त्याच सूत्रानं पाच टक्के मिळतात, ९ वरून १० ला गेलं तर तीनच. धोका मात्र उलटा चालतो, तो वरच्या पायऱ्यांवर झपाट्यानं वाढतो. म्हणून जुन्या इंजिनात मधली पायरी शहाणपणाची.

खटखट कुठून येते

धोका कसला? नॉकिंगचा. प्लगनं ठिणगी टाकली की ज्योत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पसरत जाते. ती पोहोचायच्या आत शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटलं, तर तिथं दाबाचा झटका बसतो. डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये, इंजिन हळू फिरत असताना आणि पाय अॅक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असताना तो हमखास ऐकू येतो. माळशेज घाट चढणाऱ्यानं तो ऐकलेला असतो.

अधूनमधून झालेली खटखट इंजिन सोसतं. सतत चालू राहिली तर पिस्टनच्या डोक्याची कड खायला लागते, रिंगांमधला पट्टा तुटतो, हेडचं गॅस्केट जातं, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ठोकले जातात. नव्या गाडीत सेन्सर ही खटखट ओळखतो आणि कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो. आपल्या गाडीत तो सेन्सर म्हणजे चालवणाऱ्याचा कान, आणि शंभराच्या स्पीडला रेडिओ चालू असेल तर तोही बंद.

पेट्रोल ही आपोआप पेटण्याची ओढ किती दाबून धरतं, ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळतं. हा आकडा ठरवतात तेही कॉम्प्रेशनवरच. चाचणीच्या इंजिनात सिलिंडर वरखाली सरकवून रेशो चालू इंजिनात बदलता येतो आणि पेट्रोल कुठं खटखटतं ते बघतात. म्हणजे ऑक्टेन आणि कॉम्प्रेशन ही जोडी पहिल्यापासून एकत्रच आहे.

पेट्रोल बदललं, इंजिन तेच राहिलं

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं, आणि थोड्याफार फरकानं तीच गाडी २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत राहिली. हा सगळा काळ कमी ऑक्टेनच्या पेट्रोलचा. नव्वदच्या दशकातसुद्धा आपलं साधं पेट्रोल ८७ चं होतं. ७.३ हा आकडा त्या पेट्रोलला धरून होता.

त्यानंतर दोन बदल झाले. पहिला, फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. शिसं विषारी, ते गेलं हे उत्तमच झालं. पण ते ऑक्टेन वाढवण्याबरोबर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरून झीजही थांबवायचं. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळ्या बसवलेल्याच असतात. अॅम्बेसेडरसारख्या बिडाच्या हेडमध्ये सीट हेडमध्येच कापलेली असते. तिथं इंजिन खोललं की एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. कॉम्प्रेशन वाढवायचं असेल तर हे आधी.

दुसरा बदल इथेनॉलचा. आपला जिल्हा उसाचा. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातच प्रवरानगरला १९५० मध्ये झाली. त्याच साखर उद्योगातून येणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं आणि आत जाणारं मिश्रण थंड करतं. साध्या बीएस-सहा पेट्रोलला ऑक्टेन ९१ लागतो, वीस टक्के इथेनॉलवाल्याचं मानक ९५ चं आहे.

आता गंमत बघा. इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा गेली. जुन्या इंजिनाच्या वाट्याला हा तोटा येतो, पण त्याच इथेनॉलनं आणलेला जास्तीचा ऑक्टेन ७.३ च्या रेशोला काहीच उपयोगाचा नाही. कॉम्प्रेशन थोडं वाढवलं तर तो ऑक्टेन कामाला लागतो आणि गेलेल्यातलं बरंचसं परत मिळतं. आजच्या दिवसात हाय कॉम्प्रेशन पिस्टनच्या बाजूनं सगळ्यात सरळ मुद्दा हाच.

तरी आमचा सल्ला असा, की हिशोब ९५ वर धरू नका, ९१ वर धरा. कुठल्या गावच्या पंपावर कधी काय मिळेल, टाकीत पेट्रोल किती दिवस पडून राहील, हे आपल्या हातात नसतं.

पारनेरची उंची आणि मुंबईचा उतार

आपला भाग पठाराचा. पारनेर, कान्हूर पठार हा पट्टा सातशे-आठशे मीटर उंचीचा आहे. साडेसातशे मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी शिरते, त्यामुळे दाबल्यावर दाबही कमी होतो. हिशोब केला तर पारनेरमध्ये ८.५ चं इंजिन जेवढं ताणलं जातं, तेवढं मुंबईत ७.९ चं इंजिन ताणलं जाईल. विलिसनं जीपच्या नंतरच्या हरिकेन इंजिनाला ६.९ चं नेहमीचं आणि उंच प्रदेशासाठी ७.४ चं, असे दोन पर्याय दिले होते, ते याच कारणानं.

म्हणजे पठारावर थोडी मोकळीक आहे. पण त्या मोकळिकीवर पूर्ण विसंबू नये. गाडी लग्नाकार्याला कल्याणला उतरली, मे महिन्यात भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, की ८.५ म्हणजे पुरते ८.५. गाडी सगळ्यात खाली आणि सगळ्यात गरम जिथं जाणार, तिथला हिशोब धरा.

मग आकडा किती?

पद्मिनीसारख्या इंजिनाला आम्ही ८ ते ८.५ म्हणतो. या आकड्याला आधार आहे. मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिलिमीटर, पद्मिनीचा ६८. म्हणजे ज्योतीला कापायचं अंतर जवळजवळ सारखंच. तिथं ८.७ चा रेशो साध्या पेट्रोलवर वर्षानुवर्षं चालला. पण ते इंजिन ओव्हरहेड कॅमचं, त्याचा चेंबर नंतरच्या काळातला, कूलिंग चांगलं. पद्मिनीची क्रॅंक तीन मेन बेअरिंगांवर फिरते आणि तिच्या इंजिनाचा आराखडा १९३० च्या दशकातला. म्हणून थोडं खाली थांबायचं.

आता मोजणी. बोअर ६८, स्ट्रोक ७५, म्हणजे एका सिलिंडरची जागा २७२.४ सीसी. रेशो ७.३ असेल तर वर उरणारी जागा २७२.४ भागिले ६.३, म्हणजे ४३.२ सीसी. चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टनच्या वरची फट, सगळं यात आलं.

बोअर ०.६ मिलिमीटर वाढवला तर ६८.६ होतो आणि सिलिंडर २७७.२ सीसीचा. वरची जागा तीच ठेवली तरी रेशो ७.४ होतो. म्हणजे नुसत्या रिबोअरनं तो किंचित वाढतोच. आता पिस्टनच्या डोक्यानं वरच्या जागेतले सहा सीसी भरले तर ३७.२ उरतात, आणि रेशो येतो जवळजवळ ८.५. सहा सीसी, म्हणजे चहाचा एक चमचा आणि थोडंसं. सगळा खेळ एवढ्याचा आहे. त्यात दोन सीसीची चूक झाली तर रेशो नऊच्या जवळ जाईल.

म्हणून पुस्तकातला ७.३ धरून ऑर्डर देऊ नका. पन्नास वर्षांत तुमच्या हेडचं फेसिंग किती वेळा झालं कुणाला माहीत? स्वतः मोजा. हेड उलटं ठेवा, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवा, चेंबरच्या कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी दाबा. त्या भोकातून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजनं रॉकेल किंवा पातळ ऑइल भरत जा. किती मिली बसलं ते लिहा. चारही चेंबर मोजा. त्यांच्यात अर्ध्या-एक सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी ते सारखे करून घ्या, नाहीतर चार सिलिंडर चार वेगवेगळ्या रेशोचे होतील आणि खटखट त्यातल्या सगळ्यात जास्तवाल्यापासून सुरू होईल.

हेड घासून चालणार नाही का?

स्वस्तातला उपाय म्हणून बरेच जण हेड फेसिंग करून घेतात. चेंबरचं तोंड पूर्ण सिलिंडरएवढं धरलं तरी सहा सीसी कमी करायला दीड मिलिमीटरहून जास्त घासावं लागेल. तोंड लहान असेल तर आणखी. एवढं घासल्यावर हेडची तळपट्टी पातळ होते, गरम झाली की वाकते आणि पुढच्या वेळी घासायला काही उरत नाही. पुशरॉडची लांबीही जास्त वाटायला लागते. हेड मिळणं पिस्टन मिळण्यापेक्षा कितीतरी अवघड. म्हणून बदल पिस्टनमध्ये करावा. पिस्टन पुन्हा बदलता येतो, घासलेलं हेड पुन्हा भरता येत नाही.

याला एक अपवाद आहे. जुन्या विलिस जीपच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात चेंबर पिस्टनच्या डोक्यावर नसतो, तो बाजूला व्हॉल्व्हवर असतो. तिथं डोकं वर आलेला पिस्टन हेडला आपटेल किंवा हवेची वाट अडवेल. त्या इंजिनात कॉम्प्रेशन फक्त हेडवरून ठरतं. साइड व्हॉल्व्हच्या जीपला कुणी हाय कॉम्प्रेशन पिस्टन विकत असेल तर दोन पावलं मागे या.

पिस्टन घेताना आणि बसवताना

डोकं दोन प्रकारे वाढवता येतं. एकात मधे फुगवटा असतो, दुसऱ्यात गजन पिनपासून डोक्यापर्यंतचं अंतरच जास्त असतं आणि डोकं सपाट. जागा असेल तर सपाट चांगलं. फुगवटा ज्योतीच्या वाटेत येतो आणि गरम होणारं क्षेत्रफळ वाढवतो. पण सपाट पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो आणि दाबलेलं गॅस्केट किती जाड उरतं, हे बघितलंच पाहिजे. पिस्टन आणि हेड यांच्यात साधारण एक मिलिमीटरची फट हवी.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेनं तपासा. पिस्टनवर थोडी क्ले ठेवा, हेड गॅस्केटसह कसा, टॅपेट लावा, क्रॅंक हातानं दोन फेरे फिरवा. हेड काढून दबलेली क्ले कापा आणि जाडी मोजा. इनटेकला दीड मिलिमीटर आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटर ही आमची किमान हद्द. त्याखाली असेल तर पिस्टनमध्ये खाचा पाडून घ्या, आणि त्या पाडल्या की रेशो पुन्हा मोजा.

वजन तोला. चारही पिस्टन गजन पिनसह एकमेकांच्या एक-दोन ग्रॅममध्ये हवेत. नवा पिस्टन जुन्यापेक्षा बराच जड असेल तर रॉड आणि बेअरिंगवरचा ताण प्रत्येक फेऱ्याला वाढतो.

बोअर पिस्टन हातात आल्यावरच करा, आधी नाही. फोर्ज्ड पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतात, त्यांना फट जास्त लागते. ती किती, हे पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर असतं, लेथवाल्याच्या अंदाजावर सोडू नये. रिंगचं तोंडही बोअरमध्ये बसवून फीलर गेजनं मोजा. ६८.६ च्या बोअरला ०.२५ ते ०.३० मिलिमीटर हा साधारण अंदाज.

आजूबाजूची कामं

पिस्टन बदलले आणि बाकी तसंच ठेवलं, तर काम अर्धवट राहिलं. जास्त दाबातलं मिश्रण लवकर जळतं, म्हणून टायमिंग दोन-तीन डिग्री मागे घेऊन सुरुवात करायची आणि रस्त्यावर ठरवायचं. पण खटखट थांबवायला खूपच मागे घ्यावं लागलं तर समजा आकडा जास्त झाला, कारण टायमिंग मागे नेल्यानं तुम्ही मिळवलेला फायदा परत देताय. डिस्ट्रिब्युटरच्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या असतात, त्या आधी बघा. प्लग एक पायरी थंड घ्या.

इथेनॉलवाल्या पेट्रोलला हवा कमी लागते. जुन्या जेटवर इंजिन सात-आठ टक्के लीन चालतं, आणि लीन मिश्रण गरम जळतं. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालावा. रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणारी घ्यावीत.

आणि पाणी. आपल्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार भरपूर. वर्षानुवर्षं तेच पाणी रेडिएटरमध्ये घातलेलं असेल तर ब्लॉकच्या आत, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, खडूसारखा थर बसलेला असतो. ब्लॉक बोअरला देण्याआधी तो काढून घ्या. पिस्टनवर हजारो रुपये घालून पाण्याच्या वाटा बंद ठेवायच्या, यात अर्थ नाही.

श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न

*गाडी पन्नास वर्षांची झालीय. व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल का?*

२०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. रिबोअर आणि पिस्टन ही इंजिनाची नेहमीची देखभाल आहे, पण तुमच्या कामाबद्दल शंका असेल तर नगरच्या आरटीओ कार्यालयात काम सुरू करण्याआधी विचारा. इंजिन नंबरच्या जागेला घासणी लागू देऊ नका. जुने पिस्टन आणि बिलं जपून ठेवा.

*घरातली एकच गाडी आहे, रोज सुप्याला कामावर जातो. करावं का?*

रोजच्या गाडीला मूळ रेशोचे चांगले पिस्टन, नीट बोअर आणि योग्य जेट एवढं पुरेसं आहे. त्यातच झिजलेल्या इंजिनाचा हरवलेला पिकअप परत येतो. तो बहुतेकांना एवढा वाटतो की हाय कॉम्प्रेशनचा विषय निघतच नाही.

*मग कुणी करावं?*

ज्याचं इंजिन खोललेलं आहे, ज्यानं चेंबर स्वतः मोजले आहेत, ज्याला लेखी माप देणारा पिस्टनवाला मिळाला आहे आणि ज्याचा कान चढावर इंजिनाकडे असतो, त्यानं. त्याला आठ-साडेआठच्या रेशोवर आजच्या पेट्रोलचा पुरेपूर उपयोग करता येईल. ज्याच्याकडे यातलं एकही नसेल, त्यानं दोन हॉर्सपॉवरसाठी ब्लॉक पणाला लावू नये. पहिले हजार किलोमीटर हळू चालवा, मग हेडचे बोल्ट पुन्हा कसा, प्लग काढून त्यांचा रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर हिशोब जमला. पांढरा आणि त्यावर बारीक चमकदार ठिपके दिसले, तर ते तुमच्या पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. गाडी तिथंच थांबवा.